घरातला फिश टँक देखणा कसा करावा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न गोड्या पाण्याच्या, निरनिराळ्या जातींचे छोटे मासे एकत्र राहणाऱ्या घरगुती टँकबद्दल आहेत. उदाहरणादाखल दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक धरला आहे, कारण फ्लॅटच्या हॉलमध्ये साधारण तेवढाच मावतो. काठोकाठ भरला तर त्यात ७० लिटर पाणी बसतं. गोल बाऊलचा विचार इथे केलेला नाही. त्यात मासे ठेवूच नयेत.

टँकमध्ये सगळं आहे, तरी तो छान दिसत नाही. काय कमी पडतंय?

कमी काहीच पडत नाही, जास्त झालंय. निळी-गुलाबी खडी, बुडबुडे सोडणारा पाणबुडा, झाकण उघडणारी खजिन्याची पेटी, मागे समुद्रातल्या प्रवाळांचं पोस्टर, लाल प्लॅस्टिकची झाडं आणि आठ जातींचे दोन-दोन मासे, एवढं सगळं दोन फुटांत कोंबलं की नजर कुठेच ठरत नाही. मासे तर दिसतच नाहीत, कारण त्यांच्यापेक्षा खडीच भडक असते.

म्हणून नवीन काही आणण्याआधी बाहेर काढायला लागा. आधी खेळणी काढा, मग पोस्टर, मग प्लॅस्टिकची झाडं. उरलेला टँक दोन दिवस तसाच ओकाबोका राहू द्या आणि येता-जाता बघा. काय हवंय ते आपोआप कळतं, आणि ते बहुतेक वेळा दुकानदार सुचवतो त्यापेक्षा कमी असतं. लहान मुलांनी हट्टाने घेतलेला पाणबुडा मात्र कोपऱ्यात राहू द्यावा. टँक शेवटी घरातल्या सगळ्यांचा असतो.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक कशाने पडतो?

मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावल्याने. कार्डशीट चालते, काचेवर चिकटवायची काळी फिल्म त्याहून चांगली. टँक रिकामा असेल तर मागची काच बाहेरून सरळ काळ्या ऑइलपेंटने रंगवून टाकावी. भिंत, वायरी, प्लगचा बोर्ड, फिल्टरचा पाइप हे सगळं एका फटक्यात नाहीसं होतं. कागद लावताना चारही कडा टेपने पक्क्या करा, नाहीतर मागे ओल शिरते आणि आठवड्याभरात कागदावर नकाशे उमटतात.

यात नुसता देखाव्याचा भाग नाही. बरेच मासे आजूबाजूच्या रंगानुसार स्वतःचा रंग गडद किंवा फिका करतात. पांढऱ्या खडीवर आणि उजळ भिंतीसमोर ठेवलेला मासा फिकटच राहतो. तोच मासा काळ्या पार्श्वभूमीपुढे काही दिवसांत ओळखू येत नाही इतका उठून दिसतो.

खडी कोणती घ्यावी आणि किती?

गडद तपकिरी किंवा काळी, दाणा १ ते ३ मिलिमीटर, आणि सबंध टँकमध्ये एकच. दोन रंगांची मिसळू नका. कॉरिडोरास ठेवणार असाल तर बारीक वाळू घ्या. हे मासे तोंड वाळूत खुपसून खाणं शोधतात आणि धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. आपल्या उदाहरणातल्या टँकला १४ ते १५ किलो लागते. बादलीत घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. यात तासभर जातो आणि कंटाळा येतो, पण इथे आळस केला की पुढचे चार दिवस टँक गढूळ राहतो.

खडी सपाट पसरू नका. पुढे ३ सेंटिमीटर, मागे ७-८ सेंटिमीटर असा उतार द्या. कारण असं, की पाण्यातून पाहताना खोली प्रत्यक्षाच्या सुमारे तीन-चतुर्थांशच भासते. एक फूट रुंदीचा टँक समोरून पाहिला तर जेमतेम नऊ इंचांचा वाटतो. ही गेलेली खोली उताराने थोडी परत मिळवता येते.

नदीतले गोटे, समुद्रावरचे शंख, कोकणातला जांभा, असं काही आणून टाकलं तर चालेल?

गोटे चालतात. सह्याद्रीतला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. तो पाण्यात फारसं काही सोडत नाही आणि दिसतोही झकास. फक्त त्यात पांढरे, चमकदार खडे किंवा रेषा असतील तर तिथे व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर तो चुनखडीचा अंश आहे, आणि त्याने पाणी हळूहळू जड, म्हणजे क्षारयुक्त, होतं. दगड ब्रशने घासा, वरून उकळतं पाणी ओता, पण पातेल्यात घालून उकळू नका. आत अडकलेलं पाणी तापलं तर दगड फुटू शकतो.

शंख-शिंपले आणि प्रवाळ नकोत. चुन्याचं प्रमाण भरपूर असतं, आणि गोड्या पाण्यातल्या देखाव्यात ते विसंगतही दिसतं. (मॉली माशांना जड पाणी मानवतं, पण निऑन टेट्रा माशांना नाही.) जांभा सच्छिद्र, ठिसूळ असतो. त्याची लाल माती सुटत राहते. खडीच्या खाली दडवायला लोहयुक्त थर म्हणून त्याचा उपयोग काही हौशी लोक करतात, दर्शनी दगड म्हणून नको.

ड्रिफ्टवुड (शोभेचं वाळलेलं लाकूड) घातल्यापासून पाणी पिवळं झालंय. खराब झालं का?

नाही. लाकडातलं टॅनिन उतरतं आणि पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं होतं. माशांना त्याचा त्रास नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या कित्येक ओढ्यांत टेट्रा अशाच पाण्यात राहतात. रंग नको असेल तर लाकूड दोन-तीनदा उकळून घ्या, बादलीत आठवडाभर भिजत ठेवून रोज पाणी बदला किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. भिजल्यावर ते तरंगायचंही थांबतं. नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत पांढरा, शेंबडासारखा थर चढतो. तो निरुपद्रवी असतो आणि आपसूक जातो.

काहींना मात्र हाच रंग आवडतो, आमचंही मत त्या बाजूला झुकतं. त्यासाठी बाटलीतलं द्रावण विकत घेण्याची गरज नाही. शाळेच्या मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात आडव्या पसरलेल्या फांद्यांचं देशी बदामाचं झाड असतंच. त्याची आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं धुऊन दोन टाका. हिरवी तोडू नका आणि जिथे कीटकनाशकाची फवारणी होते तिथली घेऊ नका. पान दोन दिवसांत तळाला बसतं, पुढे त्याची जाळी होते, टँकमध्ये छोटी कोळंबी असेल तर ती त्यावर चरते. दुकानात हीच पानं पाकिटात घालून विकतात.

दगड-लाकूड मांडायचं कसं? मला चित्रकलेची काहीच जाण नाही.

जाण लागत नाही, एक नियम पुरतो: मुख्य वस्तू मधोमध ठेवू नका. टँकच्या लांबीचे तीन भाग मनात पाडा आणि सर्वांत मोठा दगड किंवा लाकूड डावीकडच्या नाहीतर उजवीकडच्या रेषेवर ठेवा. बाकीचे दगड त्याहून लहान, वेगवेगळ्या उंचीचे आणि शक्यतो विषम संख्येत. सगळे एकाच जातीचे हवेत, आणि त्यांच्यावरच्या रेषा एकाच दिशेने कललेल्या हव्यात. नदीने दगड असेच लावलेले असतात. दगड खडीवर नुसते ठेवू नका, एक-तृतीयांश गाडा. दुसऱ्या बाजूला मोकळी जागा सोडा. मासे पोहणार तिथेच.

ही पद्धत जगभर नेली ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी. ते निसर्गचित्रणाचे छायाचित्रकार होते. १९८२ साली त्यांनी ॲक्वा डिझाइन अमानो ही कंपनी काढली, २०१५ साली ते गेले. नुसत्या दगडांवर उभ्या केलेल्या मांडणीला जपानीत इवागुमी म्हणतात. ती दिसायला सोपी आणि सांभाळायला फार अवघड आहे, तेव्हा पहिल्याच टँकला तिच्या वाटेला जाऊ नये. लाकूड आणि सावलीतली झाडं हा जास्त क्षमाशील मार्ग.

खरी झाडं लावली तर सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर घ्यावा लागेल का?

नाही. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया या पाच झाडांवर उत्तम टँक उभा राहतो, आणि एकालाही सिलिंडर लागत नाही. व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या नद्यांत आपोआप वाढतं, क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस ही जातही भारतातलीच. गंमत अशी, की लाल पानांसाठी परदेशी हौशी लोक ज्या रोटाला मॅक्रँड्रावर जीव टाकतात, ती पश्चिम घाटातली. मात्र तिला भरपूर उजेड आणि सीओटू दोन्ही हवं.

लावण्याची पद्धत महत्त्वाची. अनुबियास आणि जावा फर्न यांचा जाड आडवा कंद खडीत पुरला की कुजतो, आणि बरेच अनुबियास याच कारणाने मरतात. कंद लाकडाच्या बेचक्यात ठेवा, गडद रंगाच्या सुती दोऱ्याने तीन-चार वेढे देऊन बांधा, गाठ मागे घ्या. महिना-दीड महिन्यात मुळं लाकडाला धरतात आणि तोवर दोराही कुजून गळतो. मॉस बांधताना चिमूटभरच घ्या, पातळ पसरा. जाड गोळा बांधला तर आतलं मॉस काळं पडतं.

उंच वाढणारं मागे, क्रिप्टोकोरिन मध्ये, बुटकं पुढे. एक-एक काडी लांब-लांब लावू नका. एका जातीचा एकच घसघशीत पुंजका करा.

दुकानात ‘पाण्यातली झाडं’ म्हणून ड्रॅसिना, लकी बांबू, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस असली जमिनीवरची झाडंही विकतात. पूर्ण पाण्याखाली ती दोन-तीन महिन्यांत सडतात. लकी बांबूची पानं पाण्याबाहेर राहणार असतील तर ठीक. टँकच्या कडेला मनी प्लांटची फांदी अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडली तर फारच छान. मुळं नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार) शोषतात आणि पानं भिंतीवर चढतात.

क्रिप्टोकोरिन लावलं आणि आठवड्यात सगळी पानं विरघळली!

उपटू नका. वेगळ्या पाण्यात नेलं की ते असंच करतं. मुळं शाबूत असतात, दोन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. विरघळलेली पानं तेवढी काढून टाका.

लाइट कोणता आणि किती तास?

६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा एलईडी, सुरुवातीला रोज ६ तास, झाडं धरली की ८. शेवाळावर महागडी औषधं घेण्यापेक्षा एक टायमर घ्या. रोज ठरावीक वेळी लाइट लागला-गेला की शेवाळ आटोक्यात राहतं. घरची मंडळी संध्याकाळी जमत असतील तर दुपारी दोन ते रात्री दहा ठेवा, सकाळी बघणारं कुणी नसतंच.

निळा आणि बदलत्या रंगांचा लाइट टाळा. निळ्या उजेडात हिरवी झाडं मेल्यासारखी दिसतात आणि माशांचे लाल रंग बुजतात. लाइटची पट्टी मधोमध न ठेवता थोडी पुढच्या काचेकडे सरकवा. मग उजेड माशांच्या आपल्याकडच्या अंगावर पडतो. एवढ्याशा हालचालीने निऑनची निळी रेघ पेटते.

काचेवर, झाडांवर शेवाळ येतंच राहतं. काय करू?

आधी कोणतं ते बघा. नव्या टँकमध्ये पहिल्या दोन महिन्यांत येणारा तपकिरी, बोटाने पुसला जाणारा थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. तो पुसत राहा, कालांतराने जातो. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके जुन्या एटीएम कार्डाने खरवडून निघतात. खरवडताना तळाजवळ जपून. कार्ड आणि काचेमध्ये वाळूचा एक कण आला तरी कायमचा ओरखडा पडतो. अनुबियासच्या पानांच्या कडांना चिकटणारं काळं, दाढीसारखं शेवाळ चिवट असतं. ती पानंच कापा.

कारणं बहुधा तीनच: उजेड जास्त, खाणं जास्त, झाडं कमी. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर बाकी उपाय करण्यात अर्थ नाही, टँक हलवा. शेवाळ खायला म्हणून सकर फिश आणू नका. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा फूटभराच्या पुढे जातो, झाडं उखडतो आणि मोठा झाल्यावर शेवाळाकडे ढुंकून बघत नाही. मग लोक तो तळ्यात नेऊन सोडतात. आपल्याकडच्या कित्येक जलाशयांत तो आता माजला आहे. टँकमधला कुठलाही मासा किंवा झाड नदी-तळ्यात, विहिरीत सोडू नका. शेवाळासाठी नेराइट गोगलगायी किंवा ओटोसिंक्लस हे छोटे मासे बरे, पण तेही टँक जुना झाल्यावर.

पाणी काचेसारखं नितळ का होत नाही?

रंगावरून ओळखा. दुधाळ असेल आणि टँक नवा असेल तर ते जिवाणूंचं काम आहे. काही करू नका, खाणं कमी करा, काही दिवसांत निवळतं. हिरवं असेल तर पाण्यात सूक्ष्म शेवाळ आहे. तीन-चार दिवस लाइट पूर्ण बंद ठेवून टँक चादरीने झाका, मग अर्धं पाणी बदला. पिवळं म्हणजे लाकूड. मातकट म्हणजे खडी नीट धुतली नाही किंवा गोल्डफिश उकरतोय.

दुकानदार ‘सगळ्याला चालतं’ म्हणून जे निळं औषध देतात, ते बहुधा मिथिलीन ब्लू असतं. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात द्यायला ते ठीक आहे. मुख्य टँकमध्ये त्याने सांध्यांचं पांढरं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. खड्याचं मीठही उगाच टाकू नका. झाडांना ते सोसत नाही.

कोणते मासे किती घ्यावेत?

आपल्याकडे मासे जोडीवर विकले जातात. कुर्ल्याला जा नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला, भाव जोडीचाच सांगतात. म्हणून घरी येताना दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन एंजल, दोन गुरामी अशी वरात येते. दोन निऑन कोपऱ्यात लपून बसतात, बारा निऑन एकत्र फिरतात. थव्यात राहणाऱ्या माशाचं सौंदर्य थव्यातच असतं. त्यामुळे जाती कमी करा, संख्या वाढवा.

आपल्या टँकला एक चांगला मेळ असा: मध्यभागात १० ते १२ निऑन किंवा रमीनोज टेट्रा, तळाला ६ कॉरिडोरास, वरच्या भागात हनी गुरामीची जोडी. तीन जाती तीन थरांत वाटल्या जातात आणि टँक भरलेलाही वाटतो, मोकळाही. छोटे मासे ठेवले की टँक मोठा भासतो. एकच सहा इंची मासा सोडला तर तोच टँक डबी होतो. हनी गुरामी आणि झेब्रा डॅनिओ हे दोघेही भारतीय उपखंडातले, काटक आणि स्वस्त. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतला डेनिसन बार्ब फार देखणा, पण तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, गटाने राहतो. चार फुटांचा टँक नसेल तर मोह आवरा. शिवाय तो निसर्गात संकटग्रस्त आहे.

नकोत ते: गोल्डफिश (थंड पाणी, प्रचंड घाण, झाडं उपटतो), टायगर बार्ब आणि लांब पंखांचे मासे एकत्र (पंख कुरतडतो), मोठा एंजल आणि निऑन एकत्र (गिळतो), आणि ‘शार्क’ नावाने मिळणारा चंदेरी पंगस, जो एक मीटरच्या पुढे वाढतो.

सगळे एकदम सोडू नका. नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला ३ ते ६ आठवडे लागतात. तोवर झाडं वाढू द्या. नळाचं पाणी भरताना क्लोरीन घालवणारं द्रावण वापरा.

एक सूचना: पहाटे लाइट लावल्याबरोबर निऑन रंगहीन दिसले तर घाबरू नका. रात्री त्यांची निळी-लाल रेघ विझते. थोड्या वेळाने ती पुन्हा भरत जाते, आणि ते बघण्यासारखं असतं.

दुकानात गुलाबी-हिरवे चमकणारे मासे मिळतात. ते घेतले तर टँक उठून दिसेल ना?

त्यांतल्या बऱ्याच माशांना सुईने किंवा रंगात बुडवून रंगवलेलं असतं. पारदर्शक ग्लासफिश हा मूळचा आपल्याच ओढ्या-नद्यांतला मासा, त्याच्यावर हा प्रकार सर्रास होतो. काही महिन्यांत रंग उतरतो, त्याआधीच बरेच मासे मरतात. घेऊ नका, आणि का घेत नाही तेही दुकानदाराला सांगा.

खाद्याने रंग वाढतो का?

लाल-केशरी रंग वाढतो. मासे कॅरोटिनॉइड स्वतः बनवू शकत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. ॲस्टाझँथिन किंवा स्पिरुलिना असलेलं खाद्य आणि अधूनमधून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) द्या. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं.

पाइप, हीटर, बुडबुड्यांची नळी दिसते ती कशी लपवू?

मागच्या कोपऱ्यात, व्हॅलिसनेरियाच्या पुंजक्यामागे. बुडबुड्यांच्या पंपाला आपण ‘ऑक्सिजनची मोटर’ म्हणतो, पण ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभाग हलल्यामुळे मिळतो. फिल्टरचं तोंड पृष्ठभाग हलवत असेल तर बुडबुडे काढून टाका. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मात्र लोडशेडिंगसाठी घरात असू द्या. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतो, साधारण लिटरला १ वॉट या हिशेबाने. सगळ्या वायरी प्लगपाशी जाण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डात शिरत नाही.

आम्ही दर महिन्याला टँक रिकामा करून सगळं घासून धुतो. तरी आठवड्यात कळा जाते.

तरी नव्हे, म्हणूनच. खडी आणि फिल्टरचा स्पंज साबणाने किंवा नळाखाली धुतला की जिवाणू गेले. दर वेळी टँक शून्यापासून सुरू होतो. त्याऐवजी दर आठवड्याला सायफनने (पाणी ओढणाऱ्या नळीने) तळातली घाण ओढत २५ ते ३० टक्के पाणी काढा. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळा. उरलेलं कुंड्यांना घाला, तुळस खूश होते. काचेवर बाहेरून पडलेले पांढरे डाग व्हिनेगर लावलेल्या फडक्याने निघतात. काच पुसायचा अमोनियायुक्त स्प्रे टँकजवळ मारू नका.

सासूबाई म्हणतात, टँक ईशान्येलाच हवा. तिथे खिडकी आहे.

ईशान्येला ठेवा, खिडकीला जाड पडदा लावा. सकाळचं ऊन अडलं की दोघींचंही समाधान होतं. त्या कोपऱ्यातली फरशी सपाट आणि स्टँड मजबूत आहे ना, ते आधी तपासा. भरलेल्या टँकचं वजन ८०-९० किलो होतं.

गणपतीला आठ दिवस गावी जायचंय. परत येईपर्यंत टँकची काय अवस्था होईल?

बहुधा आहे त्यापेक्षा चांगली. निरोगी, मोठे मासे आठवडाभर खाण्यावाचून सहज राहतात, झाडांवरचं-लाकडावरचं थोडंफार टिपतात. नुकती जन्मलेली पिल्लं असतील तर वेगळी व्यवस्था करा. सुट्टीसाठी म्हणून मिळणारे खाद्याचे पांढरे ठोकळे टाकू नका, त्यांनी पाणी नासतं. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, लाइटचा टायमर ६ तासांवर आणा, फिल्टर चालू आहे ते बघा. शेजाऱ्यांकडे चावी देणार असाल तर कागदाच्या दोनच पुड्या बांधून द्या, एकेका दिवसापुरत्या, आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावा.